जमिनीवरची बिबवेवाडी

पुणे शहराच्या जुन्या हद्दीचा विकास आराखडा राज्य शासनाने ५ जानेवारी १९८७ रोजी मंजूर केला, आणि त्यानंतरचा आराखडा ५ जानेवारी २०१७ रोजी. तारीख तीच, मध्ये तीस वर्षे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ म्हणतो की आराखड्याची फेरतपासणी वीस वर्षांतून एकदा तरी झाली पाहिजे. वरची ही दहा वर्षे पुण्याच्या उपनगरांना फार महागात पडली. २००१ च्या जनगणनेत महापालिकेची लोकसंख्या सुमारे २५ लाख होती, २०११ मध्ये ती ३१ लाखांवर गेली. तेवढ्या माणसांनी घरे घेतली, दुकाने थाटली, मुलांना शाळांत घातले. कोणती जमीन कशासाठी हे सांगणारा कागद मात्र ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीचे पुणे डोळ्यांपुढे ठेवून काढलेलाच राहिला.

जमीन-वापर नियोजन हा विषय सामान्य मराठी वाचकापर्यंत दोन वाटांनी पोचतो. एक, वर्तमानपत्रातली आरक्षण उठवल्याची बातमी. दुसरी, फ्लॅट घेताना बँकेने किंवा वकिलाने मागितलेला झोन दाखला. दोन्ही वेळा निर्णय आधीच होऊन गेलेला असतो. पुढील पानांत हा विषय मुळापासून आणि एकाच उपनगराच्या, बिबवेवाडीच्या, आधाराने मांडला आहे. वाचणाऱ्याने नियम पाठ करावेत अशी अपेक्षा नाही. आपल्या घरासमोरचा रस्ता एवढाच का, मैदान कुठे गेले, ओढ्याला भिंत का आली, या प्रश्नांची उत्तरे कुठे शोधायची हे त्याला कळावे, इतकाच हेतू आहे.

बिबवेवाडीच का, असे कोणी विचारील. वाढीच्या बातम्यांत हिंजवडी, वाघोली, बाणेर ही नावे जास्त येतात. तिथला हिशोब अजून मांडायचा आहे. बिबवेवाडीचा बराचसा हिशोब पुढ्यात आहे. १९६६ च्या पहिल्या आराखड्यापासून ती शहराच्या हद्दीत आहे आणि तिन्ही आराखडे तिने अंगावर घेतले आहेत. शेती, घाऊक बाजार, पुनर्वसनाची वसाहत, गुंठ्या-गुंठ्याने विकलेली जमीन, सहकारी सोसायट्या, अभियांत्रिकी महाविद्यालय, कामगार विमा रुग्णालय, टेकडी, आणि आता जमिनीखालून येऊ घातलेली मेट्रो: नगररचनेच्या अभ्यासक्रमातली बहुतेक प्रकरणे इथे एकाच पिनकोडात सापडतात.

ज्यांनी ही जागा पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडे वर्णन. स्वारगेटहून साताऱ्याकडे निघाले की डावीकडे गुलटेकडी आणि मार्केट यार्ड लागते. त्याच्या दक्षिणेला जमीन हळूहळू चढत जाते, आणि चढ संपतो तो टेकडीच्या पायथ्याशी. चढाच्या खालच्या अंगाला जुने गावठाण, मध्ये सोसायट्या, वर इंदिरानगर. लोक त्याचे अप्पर, लोअर आणि सुपर असे भाग सांगतात. पीएमपीच्या बसवर तर नुसते 'अप्पर' लिहिले तरी दक्षिण पुण्यातल्या माणसाला कुठे जायचे ते कळते. पूर्वेला गंगाधाम चौक, तिथून आईमाता मंदिराकडे आणि पुढे कोंढव्याकडे जाणारा चढाचा रस्ता. पश्चिमेला सातारा रस्त्यापलीकडे सहकारनगर, पद्मावती आणि तळजाईची टेकडी.

या चढावर शहर कसे चढले ते पाहिले की नियोजनातले एक जुने दुखणे लक्षात येते. घाऊक बाजार पूर्वी मंडईत आणि नाना-भवानी पेठेत होता. गल्ल्या अरुंद, गाड्यांची गर्दी, मालाला जागा नाही. बाजार गुलटेकडीला हलवण्याचा निर्णय योग्यच होता, आणि आजही तो पुण्याच्या नियोजनातल्या मोठ्या निर्णयांत धरावा लागेल. पण बाजार हलवला, बाजाराचा गोतावळा हलवला नाही. घाऊक बाजाराला ट्रक लागतात आणि ट्रकना रात्री उभे राहायला जागा लागते. हमाल, तोलणार, हातगाडीवाले, टेम्पोचालक लागतात आणि त्यांना कामापासून चालत जाण्याच्या अंतरावर घर लागते. गोदामे लागतात, पहाटे चहा आणि भाकरी देणारी जागा लागते. यातले फार थोडे नकाशावर आले. हमालांच्या घरांचा प्रश्न हमालनगरसारख्या वसाहतीतून काही अंशी सुटला, आणि स्वस्त जेवणाचा प्रश्न हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' काढून स्वतःच हाती घेतला. बाकीच्यांनी आपापली सोय पाहिली. ट्रक रस्त्याच्या कडेला लागले, गोदामे गंगाधामच्या पुढच्या चढावर गेली, माणसे टेकडीच्या अंगाला राहिली. उताराच्या रस्त्यावर अवजड गाड्या, त्याच रस्त्यावर शाळेची मुले आणि दुचाक्या, हे आजचे चित्र कोणी ठरवून काढलेले नाही. बाजारासाठी रंगवलेल्या चौकोनाबाहेर काय घडेल याचा विचार झाला नाही, त्यातून ते निघाले.

एक वापर दुसऱ्या वापराला ओढून आणतो. नियोजनाचे पुस्तकी ज्ञान इथे थांबते, कारण विकास आराखड्यात प्रत्येक तुकड्याला एक रंग असतो: निवासी पिवळा, व्यापारी निळा, शेतीचा आणि मोकळा हिरवा, सार्वजनिक वापराचा तांबडा. रंग शेजारी शेजारी भरलेले असतात. एका रंगातून दुसऱ्यात रोज किती माणसे आणि किती माल जाणार, हे रंग सांगत नाहीत. ते मोजण्यासाठी आधी पाहणी करावी लागते. कायद्यातही विद्यमान जमीन-वापराचा नकाशा आधी आणि प्रारूप आराखडा नंतर असा क्रम आहे. पॅट्रिक गेडिस १९१४ मध्ये भारतात आले आणि पुढे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र व नागरिकशास्त्राचे प्राध्यापक झाले. त्यांचा आग्रह हाच होता की आधी शहराची पाहणी, मग योजना. पुण्याला तर या बाबतीत घरचीच परंपरा आहे. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतून केलेली पुण्याची सामाजिक-आर्थिक पाहणी १९४५ आणि १९५२ अशा दोन भागांत प्रसिद्ध झाली. माणसे कुठे राहतात, कुठे कामाला जातात, किती भाडे देतात, हे घरोघर विचारून काढलेले ते काम. इतकी भरीव पाहणी हाताशी असलेल्या शहरात पुढचे आराखडे प्रामुख्याने क्षेत्रफळाच्या कोष्टकांवर उभे राहिले, याचे वाईट वाटते.

आता आरक्षणाकडे वळतो. सर्वांत जास्त गैरसमज इथे आहेत आणि सर्वांत जास्त अन्यायही इथेच आहे.

समजा, एखाद्या शेतकऱ्याची गावात दोन एकर जमीन आहे. आराखड्यात त्यावर बागेचे आरक्षण पडले. जमीन त्याच्याच नावावर राहते, सातबाराही त्याचाच. पण तिथे त्याला बांधता येत नाही, आणि विकायला गेला तर गिऱ्हाईक आरक्षणाचे नाव ऐकून मागे फिरते. पैसे तर मिळालेले नसतात. महापालिका जमीन कधी घेणार याची तारीख कोणी सांगत नाही. १९६६ च्या कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत जमीन घेतली नाही, तर मालक नोटीस देऊ शकतो आणि ठरावीक मुदतीत संपादनाची पावले उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होते. ही मुदत पूर्वी सहा महिने होती, आता चोवीस महिने आहे. म्हणजे एका माणसाने बारा वर्षे थांबायचे, आणि शेवटी बाग न होता इमारतच उभी राहायची. मालकाचे हाल झाले ते झालेच, वस्तीला बागही मिळाली नाही.

महापालिकेची अडचण खोटी नाही. शेकडो आरक्षणे रोखीने घ्यायची तर तिजोरीत तेवढा पैसा नाही. त्यावर उपाय म्हणून टीडीआर आला: जमीन द्या, बदल्यात दुसरीकडे जादा बांधकामाचा हक्क घ्या. कागदावर हे सुंदर दिसते. महापालिकेच्या खिशातून काही जात नाही, मालकाला विकण्याजोगे प्रमाणपत्र मिळते. पण तो हक्क कुठेतरी उतरतोच. बिबवेवाडीतल्या एका मैदानाच्या बदल्यात निघालेले मजले दुसऱ्याच गल्लीतल्या इमारतीवर चढतात, आणि त्या गल्लीतला रस्ता, नळ, गटार पूर्वीइतकेच राहतात. मैदानाची किंमत अशा रीतीने दुसऱ्या वस्तीने भरायची, तेही न विचारता. टीडीआर मुळीच नको असे माझे म्हणणे नाही. तो कुठे उतरणार हे आधी ठरवून तिथल्या सोयी आधी वाढवल्या, तरच ते नियोजन. नाहीतर ते कर्ज, आणि फेडायचे दुसऱ्यानेच.

याला जोडूनच १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याचा विचार करावा लागतो. पुण्यात मोकळ्या जमिनीची मर्यादा १००० चौरस मीटर होती. शेती चालू असलेली जमीन सामान्यतः या कायद्याबाहेर, पण आराखड्यात तिला शेतीखेरीज दुसरा वापर दाखवला की ती कायद्याच्या कचाट्यात. म्हणजे नकाशावर शेताला पिवळा रंग लागला आणि त्याच दिवशी कसणाऱ्याची जमीन 'अतिरिक्त' ठरण्याची भीती उभी राहिली. अशा माणसाने काय करावे? सरकारकडे जाऊन नाममात्र मोबदला घ्यावा, की कोणी गुंठा-दोन गुंठे मागत असेल त्याला नोटरी करून, कुलमुखत्यारपत्र देऊन विकून टाकावे? बहुतेकांनी दुसरा मार्ग धरला. घेणारा असायचा बाजारातला हमाल, गॅरेजमधला फिटर, एसटीतला वाहक. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. त्यावर तो तीन खोल्या बांधायचा, जमेल तसा वर मजला चढवायचा. गुंठेवारीला बेकायदा म्हणणे सोपे आहे. कमाल धारणा कायदा महाराष्ट्राने नोव्हेंबर २००७ मध्ये रद्द केला, पण त्याच्या तीस वर्षांत विकल्या गेलेल्या गुंठ्यांवर आज पिढ्या वाढल्या आहेत. शासनानेही २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, आणि २०२१ मध्ये त्याची मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या बांधकामांपर्यंत वाढवली. आधी कायद्याने कायदेशीर छोटा प्लॉट दुर्मीळ करायचा आणि मग वीस वर्षांनी दंड भरून घेऊन तोच कायदेशीर करायचा, यात सर्वांत जास्त गमावले ते त्या वस्त्यांनी. घर मिळाले, पण सहा फुटांच्या बोळात अग्निशामक गाडी येत नाही.

या पार्श्वभूमीवर बिबवेवाडीतल्या ओटा स्कीमकडे मी आदराने पाहतो. झोपडपट्टीतून हलवलेल्या कुटुंबाला बांधलेला ओटा, पाणी आणि संडासाची सोय द्यायची, भिंती आणि छप्पर ज्याचे त्याने उभारायचे, अशी ही कल्पना. जगभर 'साइट्स अँड सर्व्हिसेस' या नावाने ती सत्तरच्या दशकात गाजली, मुंबईत ऐंशीच्या दशकात चारकोप-गोराईला मोठ्या प्रमाणावर आली. पुण्यात ती बिबवेवाडीला झाली, निगडीलाही झाली. ओट्याच्या वस्त्या आज दाट आहेत, अरुंद आहेत, बऱ्याच घरांवर दोन-तीन मजले आहेत. तरीही गुंठेवारीशी तुलना करून पाहावी. इथे गल्ली सरळ आहे, गटार आधी टाकले गेले, माणसाच्या हातात कागद आहे. गरीब माणसाला घर बांधता येते, त्याला जमीन आणि नळ-गटार मिळवता येत नाही. महापालिकेने त्याच्या आवाक्याबाहेरची गोष्ट स्वतः केली आणि आवाक्यातली त्याच्यावर सोपवली. बिबवेवाडीतले सर्वांत शहाणे नियोजन, माझ्या मते, हे आहे. त्यात खोट एकच: जागा निवडली ती शहराच्या त्या वेळच्या टोकाला, टेकडीच्या पायथ्याशी, कामापासून लांब. तेव्हाचे टोक आज शहराच्या मध्यात आले आहे, पण मधली कित्येक वर्षे त्या कुटुंबांनी बसच्या रांगेत काढली.

टेकडीचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा. दक्षिण पुण्याच्या टेकड्या निसर्गाने एकसंध घडवल्या, पण कायद्याच्या दृष्टीने त्यांचे तुकडे आहेत. तळजाई-पाचगाव पर्वतीचा मोठा भाग वनखात्याचा. बिबवेवाडीसारख्या जुन्या हद्दीतल्या खासगी टेकड्या डोंगरमाथा-डोंगरउतार विभागात. १९९७ मध्ये हद्दीत आलेल्या २३ गावांतल्या टेकड्यांवर जैवविविधता उद्यान, म्हणजे बीडीपी. सुमारे ९७८ हेक्टरांवरचे हे आरक्षण कित्येक वर्षे लोंबकळत राहून २०१५ मध्ये कायम झाले आणि त्याला आठ टक्के टीडीआर जाहीर झाला. एकाच डोंगररांगेवरच्या दोन शेजाऱ्यांना, मधून जुन्या हद्दीची रेघ गेली म्हणून, वेगळा नियम आणि वेगळा मोबदला. एकापेक्षा पाच याहून जास्त उतारावर बांधकाम करू नये हा नियम राज्यभर आहे. तरी टेकडी उतरते. जेसीबी लावून उतार कापला की तो उतार राहत नाही, सपाट जमीन होते, आणि मग मोजणीत सपाटच दिसते.

टेकडी राखायची ती शोभेसाठी किंवा सकाळी फिरायला जाणाऱ्यांसाठी एवढेच समजणे चूक आहे. दक्षिणेच्या टेकड्यांवर पडलेला पाऊस ओढ्यांनी उत्तरेला नदीकडे उतरतो, आणि ओढे वस्तीतून जातात. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री कात्रजकडून आलेल्या आंबिल ओढ्याने पद्मावती, अरण्येश्वर ते दांडेकर पुलापर्यंत काय केले ते पुणेकर विसरलेले नाहीत. त्या पावसात शहरात आणि परिसरात वीसहून अधिक माणसे गेली. हाच ओढा नानासाहेब पेशव्यांच्या काळात वळवला गेला होता, म्हणजे ओढ्याच्या जमिनीवर हात टाकण्याचा आपला इतिहास अडीचशे वर्षांहून जुना आहे. फरक इतकाच की तेव्हा वळवलेल्या पाण्याला वाट ठेवली होती. आजच्या नकाशात ओढा ही एक निळी रेघ असते. पूर येतो तेव्हा पाणी रेघेपुरते वाहत नाही. ओढ्याच्या काठची पट्टी मोकळी ठेवणे हाही जमीन-वापरच आहे, आणि तो आराखड्यातला सर्वांत स्वस्त वापर आहे, कारण तिथे काहीच बांधायचे नसते.

रस्त्यांबद्दल थोडक्यात, कारण त्यावर पुढे स्वतंत्र प्रकरण आहे. बिबवेवाडीच्या दक्षिणेला कात्रज-कोंढवा रस्ता आहे. साडेतीन किलोमीटरचा हा रस्ता ८४ मीटर रुंद करायचे ठरले, २०१८ मध्ये काम सुरू झाले, आणि जमीन मिळेना म्हणून रुंदी ५० मीटरवर आणली गेली. तीही मिळता मिळता वर्षे गेली. १९८७ च्या आराखड्यातला सुमारे ३६ किलोमीटरचा वर्तुळाकार एचसीएमटीआर (उच्च क्षमतेचा सार्वजनिक वाहतूक) मार्ग त्याहून मोठा दाखला. दोन पिढ्या त्या रेघेने शहरभर जमिनी अडवून ठेवल्या. मार्ग झाला नाही.

जमीन मिळवण्याचा दुसरा मार्ग आपल्याला माहीत नव्हता असे नाही. मुंबई प्रांताचा १९१५ चा नगररचना कायदा त्याच मार्गाचा होता. सर्वांच्या जमिनी एकत्र करायच्या, रस्ते-बागांसाठी प्रत्येकाकडून थोडा हिस्सा घ्यायचा, आणि उरलेली नीट आखलेल्या भूखंडांच्या रूपात मूळ मालकांना परत द्यायची. एकाची सगळी जमीन जात नाही आणि दुसऱ्याला फुकटचा फायदा होत नाही. भांबुर्डा नगररचना योजनेतून आजचा डेक्कन-शिवाजीनगर परिसर घडला, तिथल्या दस्तांवर आजही एफपी (अंतिम भूखंड) नंबर असतो. बिबवेवाडीतले बहुतेक पत्ते अजून सर्व्हे नंबरने सांगितले जातात. शेताच्या बांधावर सोसायटीची भिंत आली, रस्ते बांधाबांधाने वळले, आणि लांबट पट्ट्यासारखे शेत होते तिथे लांबट इमारत उभी राहिली. पुढे हडपसरला मगरपट्ट्यात सुमारे १२० शेतकरी कुटुंबांनी चारशेच्या आसपास एकर जमीन एकत्र केली आणि स्वतःच नगर वसवले, जमिनीतली मालकी न सोडता. शेतकऱ्याला विश्वासात घेतले आणि त्याचा हिस्सा त्याला दिसला, तर तो आडवा येत नाही, हे त्यातून कळते. पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने (पीएमआरडीएने) म्हाळुंगे-माण भागात नगररचना योजना हाती घेतली ती याच धड्यावर. पण आडात नसेल तर पोहऱ्यात कुठून येणार? योजना राबवायला मोजणीदार लागतात, नगररचनाकार लागतात, मालकांबरोबर महिनोन्महिने बसण्याची तयारी लागते, आणि हे मनुष्यबळ उभे करण्यात राज्य मागे आहे.

शहराची हद्द मात्र थांबत नाही. २०१७ मध्ये ११ गावे आली, ३० जून २०२१ रोजी आणखी २३, आणि पुणे क्षेत्रफळाने राज्यातली सर्वांत मोठी महापालिका झाली. त्याच वर्षी पीएमआरडीएने आपल्या हद्दीचा प्रारूप आराखडा प्रसिद्ध केला आणि २०२५ मध्ये राज्य सरकारने तो रद्द केला. या काळात मांजरी, वाघोली, उंड्री, किरकटवाडीत इमारती थांबल्या का? बिबवेवाडीने जे पन्नास वर्षांत सोसले ते ही गावे दहा वर्षांत सोसत आहेत. म्हणून हे पुस्तक बिबवेवाडीकरांइतकेच त्या गावांतल्या लोकांसाठीही आहे.

आणि खुद्द बिबवेवाडीतही गोष्ट संपलेली नाही. स्वारगेट ते कात्रज या साडेपाच किलोमीटरच्या भुयारी मेट्रोचे भूमिपूजन सप्टेंबर २०२४ मध्ये झाले, आणि आधीच्या तीन स्थानकांत पुढे बिबवेवाडीच्या स्थानकाची भर पडली. मेट्रो स्थानकाच्या पाचशे मीटरच्या परिघात चटईक्षेत्र निर्देशांक, म्हणजे भूखंडाच्या किती पट बांधता येईल तो आकडा, चारपर्यंत जाऊ शकतो. याचा अर्थ सातारा रस्त्यालगतच्या तीन-चार मजली जुन्या सोसायट्या पुनर्विकासाला जाणार. त्यात वाईट काही नाही. मेट्रोजवळ दाट वस्ती असावी हे तत्त्व बरोबर आहे. प्रश्न असा की वाढणाऱ्या माणसांसाठी शाळा, मैदान आणि दवाखाना कोणत्या जमिनीवर होणार? नव्या ले-आउटमध्ये दहा टक्के मोकळी जागा सुटते. जुन्या सोसायटीच्या अर्ध्या एकराच्या दहा टक्क्यांत मैदान होत नाही, चार गाड्या उभ्या राहतात. दहा सोसायट्यांनी एकत्र येऊन विकास केला तर होईल. तशी सक्ती नाही, आणि प्रोत्साहन पुरेसे नाही.

जुन्या हद्दीच्या आराखड्याचा इतिहास आणखी एका कारणाने लक्षात ठेवावा. २०१३ मध्ये प्रारूप प्रसिद्ध झाले तेव्हा ऐंशी हजारांहून जास्त हरकती-सूचना आल्या. पुढे आराखडा मुदतीत पूर्ण झाला नाही म्हणून २०१५ मध्ये राज्य सरकारने तो महापालिकेकडून काढून घेतला आणि विभागीय आयुक्तांच्या अध्यक्षतेखालील समितीकडे सोपवला. लोकांनी निवडून दिलेल्या सभागृहाच्या हातून शहराचा आराखडा जावा, हे पुण्याला शोभणारे नव्हते. पण त्या हरकती वाया गेल्या असे मी मानत नाही. नागरिक संस्थांनी, वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, सोसायट्यांच्या सचिवांनी नकाशे पसरून एकेक आरक्षण तपासले, कुठले गायब झाले ते दाखवून दिले. त्यांच्या कामामुळे पुण्यात आज आराखडा वाचू शकणारी माणसे आहेत. ही संख्या वाढली पाहिजे.

आराखडा कसा तपासावा याबद्दल माझे मत सरळ आहे. किती आरक्षणे टाकली यावरून त्याची योग्यता ठरू नये, ताब्यात किती आली यावरून ठरावी. जे आरक्षण घ्यायला पैसा, टीडीआर किंवा नगररचना योजना यांपैकी काहीच नेमून दिलेले नाही, ते नकाशावर टाकू नये. त्यापेक्षा कमी आरक्षणे टाकून ती पाच वर्षांत घ्यावीत. आणि प्रत्येक आराखड्यासोबत मागच्या आराखड्याचा ताळेबंद छापावा, प्रभागवार, सर्व्हे नंबरसह.

सध्याचा आराखडा २०२७ पर्यंतच्या गरजा धरून केलेला आहे. पुढचा येईल तेव्हा हरकतींसाठी कायद्याने तीस दिवस मिळतील. तीस दिवसांत कोणी नकाशा वाचायला शिकत नाही, म्हणून हे काम आत्ताच करावे लागेल. बिबवेवाडीतल्या प्रत्येक सोसायटीने, मंडळाने, ओट्यावरच्या आणि गुंठेवारीतल्या रहिवाशांनी आपल्या भागाचा मंजूर नकाशा महापालिकेकडून मिळवावा. त्यावरचे प्रत्येक आरक्षण पायी जाऊन पाहावे. तिथे आज काय आहे ते लिहून, तारखेसह फोटो काढून ठेवावे. ज्यांची जमीन अडकली आहे त्या मालकांशी बोलावे, कारण बाग हवी असणारे आणि जमीन देणारे एकमेकांचे शत्रू नाहीत. ही वही तयार असेल, तर पुढच्या हरकतीत 'आमच्या भागाला मैदान द्या' एवढेच लिहावे लागणार नाही. कोणत्या सर्व्हे नंबरात, किती गुंठे आणि कशाच्या बदल्यात, हेही लिहिता येईल.